एका गटाराचा ठराव

पहाटे नळाला पाणी आले, कचऱ्याची गाडी वेळेवर येऊन गेली आणि सायंकाळी रस्त्यावरचे दिवे लागले, म्हणजे त्या दिवशी नगरपालिकेचे नाव कोणाच्याही तोंडी येत नाही. यांतील एखादी गोष्ट चुकली की मात्र ते घरोघरी निघते, आणि बहुधा चांगल्या शब्दांनी निघत नाही. जी संस्था आपल्या जन्माची नोंद करते, आपल्या मरणाचीही नोंद करते, आणि मधल्या सगळ्या काळात आपले पाणी, आपला रस्ता व आपली घाण सांभाळते, तिचे रोजचे काम चालते तरी कसे, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मी शाळामास्तर आहे. नागरिकशास्त्राचे तास मी वीस वर्षे घेत आलो. तरी खरे सांगावयाचे तर हे मलाही ठाऊक नव्हते. ते मला आमच्या शाळेसमोरच्या एका गटाराने शिकविले. श्रोते हो, त्या गटाराचीच हकीकत आज आपणांस सांगावी असे योजिले आहे.

आमचे शहर लहान, पंचवीस-तीस हजार वस्तीचे. शाळेच्या फाटकासमोरून एक कच्चे, उघडे गटार वाहत असे, आणि पुढे ते मजुरांच्या झोपड्यांच्या कडेने ओढ्याला मिळे. 2017 च्या पावसाळ्यात ते तुंबले. जुलै महिन्यात सहावीच्या वर्गातील पाच मुलांना कावीळ झाली. त्यांतील एक मुलगी सहा आठवडे शाळेला आली नाही. आली तेव्हा तिची वही जेथे थांबली होती तेथून वर्ग फार पुढे गेला होता. पाण्याचे नमुने घेण्यास आलेल्या आरोग्यसेवकाने कारण समजावून दिले. नळाचा पाइप गटारातून आडवा गेला होता. पाणी दिवसातून दोन तासच येत असल्यामुळे उरलेला वेळ पाइप रिकामा राही. आणि रिकाम्या पाइपाला कोठे बारीकशी भेग असली, तर भोवतालचे घाण पाणी तो आत शोषून घेतो. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की तेच पाणी प्रथम घरोघरी पोहोचते. नळाच्या तोंडाशी दर लिटरामागे निदान 0.2 मिलिग्राम क्लोरिन शिल्लक राहिले पाहिजे असा दंडक आहे, तो अशाच प्रसंगासाठी. पण घाण पुष्कळ शिरली म्हणजे तेवढे क्लोरिन पुरे पडत नाही.

मी अर्ज लिहिला. ऑगस्टात एक, सप्टेंबरात दुसरा आणि नोव्हेंबरात तिसरा. भाषा उत्तम होती. व्याकरणाची चूक नव्हती. काही झाले नाही. वर्गात मी नगरपालिकेविषयी बरेच कठोर बोललो. एके दिवशी एका विद्यार्थ्याचे आजोबा, जे आयुष्यभर एका कचेरीत कारकून होते, मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही तक्रार केलीत हे खरे, पण विषय कोठे दिलात?"

त्या एका प्रश्नात सगळे नागरिकशास्त्र होते. तक्रार कचेरीत जाते. विषय सभेत जातो. साधी दुरुस्ती, झाडलोट, विझलेला दिवा यांसाठी तक्रार पुरते, कारण त्यांचा खर्च आधीच मंजूर झालेला असतो. नवे काम करावयाचे असेल तर सभेचा ठराव लागतो. तो नसेल तर मुख्याधिकाऱ्याला इच्छा असूनही पैसा खर्च करता येत नाही. हा भेद न कळल्यामुळे आपण वर्षानुवर्षे चुकीच्या दारावर थाप मारीत राहतो.

नगरपालिकेची गाडी दोन चाकांवर चालते. एक चाक लोकांनी निवडून दिलेल्या नगरसेवकांचे. काय करावयाचे आणि कशावर खर्च करावयाचा हे ते सभेत ठरवितात, आणि सभेचे अध्यक्षपद नगराध्यक्षाकडे असते. दुसरे चाक मुख्याधिकारी, अभियंता, लेखापाल, आरोग्य निरीक्षक व सफाई कामगार यांचे. ठरलेले काम ते करतात. राज्याराज्यांचे कायदे निरनिराळे आहेत: मध्य प्रदेशाचा 1961 चा, गुजरातचा 1963 चा, कर्नाटकाचा 1964 चा, महाराष्ट्राचा 1965 चा, गोव्याचा 1968 चा, आणि तेलंगणाचा अगदी अलीकडचा 2019 चा. पदांची नावे व अधिकार यांत फरक आहेत. परंतु ठरविणारे वेगळे आणि करणारे वेगळे, हे तत्त्व सामान्यतः सारखेच.

या सर्वांवर छत्र आहे ते राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीचे. ती 1 जून 1993 रोजी अमलात आली. तीपूर्वी नगरपालिका ही सर्वस्वी राज्य सरकारच्या मर्जीची गोष्ट होती. या दुरुस्तीने तिची मुदत पाच वर्षांची ठरविली, निदान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, निवडणुका घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले, आणि नगरपालिकांकडे देता येतील अशा 18 विषयांची यादी बाराव्या परिशिष्टात घातली. अर्थात घटनेत लिहिले म्हणून सर्व काही वेळेवर घडते असे नाही. महाराष्ट्रातील कित्येक नगरपालिका मुदत संपल्यावरही दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिल्या, आणि त्यांच्या निवडणुकांना 2025 चा डिसेंबर उजाडावा लागला. ज्या काळात नगरसेवकच नसतो, त्या काळात विषय द्यावयाचा तरी कोणाकडे?

या कामाला कोणी हलके समजू नये. जोतीराव फुले 1876 ते 1883 पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. वल्लभभाई पटेल 1924 ते 1928 या काळात अहमदाबादचे नगराध्यक्ष होते. लॉर्ड रिपन यांनी 18 मे 1882 रोजी स्थानिक स्वराज्याचा जो प्रसिद्ध ठराव केला, त्यातही असाच विचार होता की, कारभार सुधारणे हा या संस्थांचा पहिला हेतू नसून लोकांस राजकीय शिक्षण मिळावे हा मुख्य हेतू आहे. म्हणजे नगरपालिका ही एक शाळाच झाली. मास्तराला हे वाचून बरे वाटावे यात नवल नाही. पण या शाळेत आपण किती दिवस हजर असतो, हा प्रश्न उरतोच.

नगरपालिकेच्या कामांचे राज्यांच्या कायद्यांत सामान्यतः दोन वर्ग केलेले आढळतात. पहिला वर्ग आवश्यक कर्तव्यांचा: पाणी, दिवे, झाडलोट, गटारे, स्मशाने व दफनभूमी, साथीच्या रोगांस प्रतिबंध, जन्ममृत्यूची नोंद. ही टाळता येत नाहीत. दुसरा वर्ग ऐच्छिक कामांचा: बागा, नाट्यगृहे, वाचनालये इत्यादी. ही सवड व पैसा असेल तर करावयाची. स्वागताची कमान आणि रंगीत कारंजे ही दुसऱ्या वर्गातली. आमचे गटार पहिल्या वर्गातले. कोणत्याही खर्चाकडे पाहताना हा भेद मनात ठेवला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

जन्ममृत्यूच्या नोंदीविषयी येथे एक शब्द सांगणे माझ्या धंद्यामुळे प्राप्त आहे. आमच्या समाजातील जुनी माणसे जन्मतारखेसाठी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीकडे जात. इतर घरांत पत्रिका किंवा आजीची आठवण पुरे होत असे. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्माची खबर 21 दिवसांत द्यावयाची असते, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखलाच प्रमाण मानावयाचे ठरले आहे. उशीर झाला तर खेटे वाढतात. मजुरीसाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतील मुले याच एका कागदावाचून माझ्या टेबलासमोर अवघडून उभी राहतात. तेव्हा आपल्या शेजारी मूल जन्मले असेल तर या 21 दिवसांची आठवण करून देणे हेही नागरिकाचे कामच आहे.

आता सभेकडे वळू. आजोबांच्या सल्ल्याने 2018 च्या जानेवारीत मी दहा विद्यार्थ्यांना घेऊन सर्वसाधारण सभा पाहावयास गेलो. सभा सामान्यतः लोकांना खुली असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते; परंतु लोकांसाठी मांडलेल्या दोन बाकांवर आमच्याशिवाय कोणीच नव्हते. शिपायाने प्रथम आम्हांला काही मागणी घेऊन आलेला मोर्चाच समजले.

सभेपूर्वी काही दिवस प्रत्येक नगरसेवकाला सूचनापत्र आणि त्यासोबत विषयपत्रिका जाते. ठराविक संख्येइतके सभासद हजर असले म्हणजे गणपूर्ती होते. नसले तर सभा तहकूब करावी लागते. प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात. मग एकेक विषय निघतो. कोणी ठराव मांडतो तो सूचक, दुसरा पाठिंबा देतो तो अनुमोदक. मतभेद असला तर मते घेतात, आणि मते समसमान पडली तर अध्यक्षाचे निर्णायक मत चालते. त्या दिवशी आठवडेबाजारातील बैठकीची फी वसूल करण्याचा मक्ता, ज्याला गोव्यात सोपो म्हणतात, तो निघाला. पाण्याची टाकी धुण्याचा खर्च निघाला. सेवेत असताना वारलेल्या एका सफाई कामगाराच्या पत्नीला नोकरी देण्याचा विषय निघाला, आणि तो एकमताने संमत झाला तेव्हा क्षणभर सभागृहातील गलका थांबला. काही विषय वाचले न वाचले तोच 'मंजूर, मंजूर' म्हणून पुढे सरकले. दोन तासांत सव्वीस विषय झाले. त्यांत आमचे गटार नव्हते.

सभेनंतर आमच्या प्रभागाच्या नगरसेविका भेटल्या. त्यांनी रागावून न घेता सर्व ऐकले आणि अभियंत्यांना बोलाविले. तेथे दुसरा उलगडा झाला. शाळेसमोरचा रस्ता नगरपालिकेचा नव्हताच. तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा होता. दुसऱ्याच्या रस्त्याच्या कडेला बांधकाम करावयाचे तर त्या खात्याची संमती हवी. माझे तिन्ही अर्ज याच कारणाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले होते, आणि तसे मला कळविण्याचे मात्र कोणास सुचले नव्हते. शिवाय अर्जांत मी 'गटाराची दुर्दशा' तीन पाने वर्णिली होती. पण ते कोठून कोठपर्यंत आहे, किती लांब आहे, नळाचा पाइप त्यातून कोणत्या ठिकाणी जातो, हे एका ओळीतही लिहिले नव्हते.

पुढच्या रविवारी मुलांनी टेप घेऊन गटार मोजले: शाळेच्या फाटकापासून ओढ्यापर्यंत 118 मीटर. नकाशा काढला. काविळीच्या रुग्णांची घरे त्यावर दाखविली. चौथा अर्ज एकाच पानाचा झाला, आणि त्याच्यावर पोच म्हणून शिक्का घेतला. नगरसेविकांनी तो विषय म्हणून दिला. फेब्रुवारीच्या सभेत तो निघाला, आणि नव्या वर्षाच्या अर्थसंकल्पात गटारांच्या लेखाशीर्षाखाली त्यासाठी तरतूद धरण्याचा ठराव झाला.

लेखाशीर्ष म्हणजे खर्चाचा ठरविलेला कप्पा. दिव्यांच्या कप्प्यातील पैसा मनास येईल तसा गटारावर खर्च करता येत नाही. नगरपालिकेचे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, म्हणून अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यातच होते. पावसाळ्यात आपण ओरडतो आणि हिवाळ्यात विसरतो. नेमका हिवाळाच मागण्याचा काळ असतो. यानंतर संमतीपत्र, खर्चाचा अंदाज, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश अशा पायऱ्या असतात. त्या संथ वाटतात, आणि कधीकधी विनाकारण संथ असतातही. परंतु पैसा लोकांचा असल्यामुळे तो एकाच्या शब्दावर खर्च होऊ नये यासाठीच त्या बांधलेल्या आहेत.

पैसा कोठून येतो, हेही पाहिले पाहिजे. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातीचा नाका असे आणि पुष्कळ नगरपालिकांचे पोट त्यावरच भरे. ती एकेका राज्यातून उठत गेली; मुंबईची जकातसुद्धा 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. आता घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, दुकानांची भाडी व परवान्यांची फी एवढेच घरचे उत्पन्न. बाकी भिस्त राज्य व केंद्र सरकारांच्या अनुदानांवर. लहान नगरपालिकेला घरचे उत्पन्न पुरत नाही हे खरे. पण घरपट्टी थकविणारा आणि 'नगरपालिका काय करते?' असे विचारणारा मनुष्य पुष्कळदा एकच असतो, हेही तितकेच खरे.

असे असले तरी 'पैसे नाहीत' हे उत्तर आवश्यक कर्तव्याच्या बाबतीत पुरेसे नाही, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी दिला आहे. तो खटला माळव्यातील रतलामचा. तेथील एका प्रभागातले रहिवासी उघडी गटारे, शौचालयांचा अभाव आणि मद्यार्काच्या कारखान्याचे वाहते सांडपाणी यांमुळे त्रस्त होऊन दंडाधिकाऱ्याकडे गेले. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला हुकूम केला. नगरपालिका वरच्या न्यायालयांत लढत दिल्लीपर्यंत गेली, आणि द्रव्य नाही हे तिचे एक म्हणणे होते. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते अमान्य केले. माणसाची प्रतिष्ठा आणि स्वच्छता यांची जबाबदारी तिजोरीकडे बोट दाखवून टाळता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय. ज्या कलमाखाली ते लोक गेले ते फौजदारी संहितेचे 133 वे कलम होय. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद 152 व्या कलमात आहे. कोर्टाची पायरी चढण्याचा सल्ला मी देत नाही. पण आपण मागतो ती भीक नव्हे, एवढे ठाऊक असावे.

आमच्या गटाराचे काम 2018 च्या डिसेंबरात सुरू झाले आणि फेब्रुवारीत आटोपले. नळाचा पाइप गटाराबाहेरून, उंचावरून नेला. सर्वांना आनंद झाला. मुलांनी सहज म्हणून पुन्हा टेप लावला. गटार 118 नव्हे, 107 मीटर भरले. अकरा मीटर कमी होते, आणि ते कमी झाले होते ओढ्याच्या टोकाला, मजुरांच्या झोपड्यांसमोर. सहा आठवडे घरी राहिलेली ती मुलगी त्यांपैकीच एका झोपडीत राहते.

ठेकेदाराचे बिल मोजमाप पुस्तकातील नोंदीवर निघते. ती नोंद अंतिम होण्यापूर्वी आम्ही लेखी कळविले, सोबत कार्यादेशाची प्रत जोडली. ती प्रत 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागितली होती. अशा अर्जाला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. अभियंते आले, त्यांनी स्वतः मोजले, आणि राहिलेले अकरा मीटर मार्चअखेर पुरे झाले. चूक कोणाची, हेतुपुरस्सर की अनवधानाने, हे मला ठाऊक नाही. इतके मात्र कळले की, ज्या घरांतून सभेला कोणी जात नाही, ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांच्याच दारापुढे टेप आखूड पडतो. सभागृहातील ते दोन रिकामे बाक नुसते रिकामे नसतात. त्यांची किंमत कोणीतरी भरीत असते, आणि बहुधा जो ती भरतो त्याचा त्यात काहीही अपराध नसतो.

म्हणून आपणांस मोठे काही सांगावयाचे नाही. आपल्या नगरपालिकेची सभा केव्हा आहे ते विचारा. विषयपत्रिका फलकावर लावली असेल तर वाचा. वर्षातून एकदा तरी त्या बाकावर जाऊन बसा. मागणे मागावयाचे असेल तर पावसाळ्याची वाट न पाहता हिवाळ्यात मागा. जागा, माप आणि कारण लिहून मागा, आणि पोच घ्या. आणि काम झाल्यावर टेप घेऊन एकदा टोकापर्यंत चालत जा. पहिल्या घरापाशी सगळेच काम चांगले असते.

आमचे गटार आज बांधलेले आहे. तरी दर मे महिन्यात गाळ काढण्यासाठी आम्हांला अर्ज करावा लागतो. तो आता आठवीचा वर्ग लिहितो. गेल्या वर्षी एका मुलाने मला विचारले, "सर, हे दरवर्षी करावे लागणार का?" मी म्हणालो, "होय." तो थोडा हिरमुसला, मग त्याने खाली तारीख घातली आणि दप्तरातून टेप काढला.